पंचवीस पिना

जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक रुंद, गडद गुलाबी पोर्ट असायचं. वर तेरा भोकं, खाली बारा. पुस्तकात त्याला पॅरलल पोर्ट म्हणत, आम्ही प्रिंटरचं पोर्ट म्हणायचो. नव्या मशिनांना ते नसतं. माझ्याकडच्या एका कॉम्प्युटरच्या या पंचवीस भोकांत मात्र दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी बसल्या. पहिलीनं माझं दहा वर्षांचं काम कुलपात घातलं. दुसरीनं भावाचं बंद पडलेलं मिलिंग मशीन चालू केलं. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल, म्हणजे आत उघडून बघता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, मला जे सांगायचंय ते या दोन गोष्टींच्या मधे आहे.

आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. पुढं स्वतःचं छोटं शॉप टाकलं, दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल. शाळा सुटली की मी आणि माझा भाऊ तिथंच अभ्यासाला बसायचो. गुऱ्हाळाचं इंजिन, साखर कारखान्याच्या पंपाची शाफ्ट, कुणाची पिठाची गिरण, काहीही दुरुस्तीला यायचं. आबा आधी ते उघडायचे. मिळेल तो पार्ट आणायचा, नाही मिळाला तर शेजारच्या फौंड्रीत ओतून घ्यायचा आणि आपल्या लेथवर फिरवायचा. उद्यमनगर उभं राहिलं ते याच रीतीवर. परगावच्या, परदेशच्या मशिनी इथं आल्या, त्या इथल्या मेस्त्रींनी उघडल्या, समजून घेतल्या आणि मग तशा किंवा त्याहून सोप्या इथं बनवल्या. कुणाची परवानगी लागत होती असं आठवत नाही. मशीन विकत घेतलं म्हणजे ते उघडायचा हक्क त्यातच आला, असं सगळे धरून चालत.

मी १९९८ साली लक्ष्मीपुरीत डीटीपीचं काम सुरू केलं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स, पुढं लेझर प्रिंटर. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पत्रिका जुळवायच्या, बाकी वर्षभर बिलबुकं, संस्थांचे अहवाल, तालमीच्या गणेशोत्सवाच्या पावत्या. मराठी टाईप करायला सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, आबांनी दिलेल्या पैशांतून. त्याच्याबरोबर बोटभर लांबीचं एक डोंगल आलं. ते त्या गुलाबी पोर्टात बसवायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल लावायची. डोंगल असेल तर मराठी, नसेल तर नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात, भारनियमनाच्या दिवसांत, एका दुपारी लाईट गेली आणि आली, त्यानंतर कॉम्प्युटर डोंगल ओळखेना. काढलं, पुसलं, परत बसवलं. मग जुनी एक पत्रिका उघडली. ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ जिथं असायला हवं होतं तिथं डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांची रांग उभी होती. दुसरी फाईल उघडली, तेच. तिसरी, एका गावच्या वाचनालयाची शताब्दी स्मरणिका, एकशे चाळीस पानं, प्रूफं तीनदा वाचून झालेली, छपाईला जायची होती. तीही तशीच.

कंपनीला फोन केला. ती आवृत्ती आता देत नाही, नवीन घ्या, म्हणाले. नवीन घेतलं तरी जुन्या फाईली जशाच्या तशा उघडतील याची खात्री कुणी देईना.

संध्याकाळी घरी जाऊन आबांना सांगितलं. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण बिघाड कळायचा. “मग उघडून बघ की,” म्हणाले. मी म्हटलं, “आबा, ते उघडत नाही. उघडायला परवानगीही नाही.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग तू इकत काय घेतलंस, अक्का?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. पुढं कळत गेलं. त्या काळच्या मराठी फाँटांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मी इंग्रजी अक्षरंच टाईप करत होते, फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले होते. मुखवटा काढला की खाली निरर्थक इंग्रजी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. युनिकोड म्हणजे जगातल्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात तसं नाही. तिथं ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो कोल्हापुरात, कोचीत आणि केनियात एकच आहे. १९९१ पासून देवनागरीला तिथं जागा होती. आमच्या धंद्यात ती बातमी पोचायला सतरा वर्षं लागली.

इंजिनिअरिंगच्या एका मुलानं मला जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारा एक छोटा प्रोग्राम दिला. कुणीतरी वेगळ्याच फाँटासाठी लिहिलेला होता, पण उघडा होता, आतलं सगळं वाचता येत होतं. त्यात माझ्या फाँटाची कोष्टकं मी भरत गेले. सगळ्यात अवघड निघाली ती पहिली वेलांटी. जुन्या फाँटात आपण ती अक्षराच्या आधी टाईप करायचो, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी ‘क’, मग वेलांटी. म्हणून प्रोग्रामला सांगावं लागतं, वेलांटी दिसली की ती उचल आणि पुढचं अक्षर ओलांडून ठेव, आणि पुढं जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांड. रफाराचं नेमकं उलटं. तीन आठवडे लागले. ‘स्थिती’ हा शब्द पहिल्यांदा नीट उमटला त्या रात्री मी एकटीच दुकानात बसून रडले. स्मरणिका बचावली.

त्या प्रोग्रामच्या वरच्या भागात परवान्याचा मजकूर होता. तो मी तोवर वाचला नव्हता. वापरा, आत काय आहे ते बघा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या, एवढंच त्याचं सार. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून ही कल्पना आहे, १९८९ मध्ये तिचा जीपीएल परवाना झाला, १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं बीज टाकलं आणि पुढच्या वर्षी तेही याच परवान्याखाली आणलं. हा इतिहास मी नंतर वाचला. परवाना वाचताना मात्र मला परदेशातलं काही वाचतेय असं वाटलंच नाही. हे तर आबांच्या शॉपचे नियम होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूनं बोलणारी आमचीच माणसं तिथं चुकतात. गरीब देशांनी हे का वापरावं, तर फुकट आहे म्हणून, असं ती सांगत सुटतात. आमच्याकडं ते कारण कधी चाललंच नाही. लक्ष्मीपुरीत त्या काळी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर चाळीस-पन्नास रुपयांच्या सीडीवर मिळायचं, आणि कॉम्प्युटर जोडून देणारा ते तसंही टाकून द्यायचा. ज्या बाजारात चोरीचा माल फुकट आहे तिथं ‘आमचाही फुकट आहे’ हे सांगून काय होणार? किमतीचा मुद्दा खरा आहे तो सरकारांसाठी, विद्यापीठांसाठी, ज्यांना हिशेब दाखवावा लागतो त्यांच्यासाठी. आमच्यासारख्यांचा प्रश्न वेगळा आहे. बिघडल्यावर कुणाकडं जायचं?

हे मी माझ्या चुकीतून शिकले. २००९ मध्ये तालुक्यातल्या एका शाळेला कुणीतरी दहा जुने कॉम्प्युटर दिले. मी आणि तो इंजिनिअरिंगचा मुलगा उत्साहानं गेलो. तेव्हा उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराच्या, सीडी मागवल्या की टपालानं घरी यायच्या, एक पैसा न घेता. २०११ पर्यंत ती सोय होती. त्या सीडी घेऊन आम्ही दोन दिवसांत दहाही कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. मुलांना टक्सपेंटमध्ये चित्रं काढून दाखवली. मुख्याध्यापकांनी नारळ दिला. आम्ही धन्य होऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी शाळेतला प्रिंटर चालेना. त्या प्रिंटरच्या कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, दिलेला नव्हता, वाट काढावी लागणार होती. सरांचा फोन आला, पगारबिल काढायचंय. माझ्याकडं लग्नसराई, टेबलावर अकरा पत्रिका. मी म्हटलं, रविवारी येते. रविवारी गेले नाही. पुढच्याही रविवारी नाही. वर्षभरानं एका अहवालाच्या निमित्तानं त्या शाळेत गेले तर दहाही कॉम्प्युटरवर चोरीचं विंडोज होतं. सरांनी तक्रार केली नाही, चहा दिला. “मॅडम, ते चांगलं होतं हो,” एवढंच म्हणाले, “पण आम्हाला कुणी नव्हतं.”

दोष त्या सरांचा नव्हता आणि लिनक्सचाही नव्हता. आम्ही मशीन नेऊन ठेवलं होतं, मेस्त्री ठेवला नव्हता.

तेव्हापासून दुसऱ्या देशांच्या गोष्टी वाचताना मी मेस्त्री शोधत असते. पेरूमध्ये एदगार व्हियानुएवा या लोकप्रतिनिधीनं सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरच वापरावं असं विधेयक आणलं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या व्यवस्थापकानं आक्षेपाचं पत्र पाठवलं, त्याला व्हियानुएवांनी दिलेलं सविस्तर उत्तर जगभर वाचलं गेलं. त्यात त्यांनी पैशाला मुख्य मुद्दा केलंच नाही. नागरिकांना सरकारी माहिती मोकळेपणानं मिळावी, ती माहिती कायम टिकावी, आणि राज्याची सुरक्षितता राहावी, हे त्यांचे आधार. ‘माहिती कायम टिकावी’ हे वाचताना मला माझी एकशे चाळीस पानांची स्मरणिका आठवली. एका देशाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे डोंगलमागे असतील तर काय, हा तो प्रश्न. ब्राझीलनं २००३ नंतर, दक्षिण आफ्रिकेनं २००७ मध्ये, आणि आपल्या केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूची धोरणं केली. धोरण हवंच. पण धोरणाचा कागद शाळेतला प्रिंटर चालू करत नाही.

केरळनं तो चालू केला. तिथं २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा प्रकल्प आला, आणि शाळेचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधू नका म्हणून शिक्षक संघटनाच उभ्या राहिल्या. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची भारतातली संस्थाही सुरू झाली. मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी आधी शिक्षक तयार केले, शिक्षकांना शिकवणारे शिक्षकच तयार केले. पुढं प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ म्हणून मुलांचे गट आहेत, शाळेतली यंत्रं सांभाळायला मुलंच मदत करतात. केनियात एल्डोरेटच्या दवाखान्यांसाठी २००४ च्या सुमारास ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली आकाराला आली, तीही जिथं वापरायची तिथल्या डॉक्टरांच्या, कामगारांच्या सोबतीनं. म्हणून ती तगली आणि पुढं आपल्या छत्तीसगडमधल्या गनियारीच्या रुग्णालयात तिच्यावर ‘बाह्मनी’ उभी राहिली.

कोल्हापुरात बसून हे वाचताना शाहू महाराजांचा १९१७ चा हुकूम आठवतोच. प्राथमिक शिक्षण मोफत केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गावोगाव शाळा नेल्या, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मोफत हा शब्द एकटा किती चालतो हे त्यांना माहीत होतं.

२०१६ च्या जूनमध्ये मी त्याच शाळेत परत गेले. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते. दर शनिवारी बाराच्या एसटीनं जायचं आणि पाचच्या गाडीनं परत यायचं, असं वर्षभर केलं. पहिल्या दिवशी एकाही कॉम्प्युटरला हात लावला नाही. शाळेत राहणारं, बदली न होणारं माणूस कोण, हे विचारलं. तिथले शिपाईमामा. तीस वर्षं त्याच शाळेत. त्यांना स्क्रू काढायला शिकवलं, रॅम काढून पुसून परत बसवायला शिकवलं, पेनड्राईव्हवरून लिनक्स टाकायला शिकवलं. त्यांच्याबरोबर नववीच्या दोन मुली. यावेळी प्रिंटर आधी तपासला, लिनक्सवर चालणारा दुसरा जुना प्रिंटर माझ्याच दुकानातून दिला. पगारबिलाचा तक्ता लिब्रेऑफिसमध्ये सरांबरोबर बसून नव्यानं केला, कारण जुना नीट उघडत नव्हता आणि ‘सगळं चालतं’ असं खोटं सांगायचं नाही हे मी ठरवलं होतं. मुलींनी मराठी टाईप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन आठवड्यांत उचलला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, मला डीटीपीचा जुना हात सोडून तो शिकायला सहा महिने लागले होते.

तिसऱ्या महिन्यात गेले तर एक कॉम्प्युटर टेबलावर उघडा पडलेला. मामांनी बंद पडलेल्या दोन मशिनांतून एक चालू केलं होतं. मला फोन केलेला नव्हता.

आता ते दुसरं जोडणं. आबा २०१२ मध्ये गेले, शॉप भाऊ बघतो. त्यानं कर्ज काढून एक छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं, मिलिंग मशीन जुनं घेतलं होतं. २०१४ मध्ये त्याचं कंट्रोलर कार्ड जळालं. मशीनचा सांगाडा ठणठणीत, मोटारी चांगल्या, स्क्रू चांगले. पण ते मॉडेल बंद झालेलं, कार्ड मिळत नाही, नवा कंट्रोलर बसवायचा तर अर्ध्या मशीनची किंमत. मशीन पाच महिने ताडपत्रीखाली होतं. भावाचा आवाज त्या पाच महिन्यांत बदलला होता.

शेजारच्या शॉपमालकाचा मुलगा, पॉलिटेक्निकला जाणारा, त्यानं लिनक्ससीएनसीचं नाव काढलं, अशी मशिनं चालवणारा मुक्त प्रोग्राम. मूळ काम अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, १९९० च्या दशकातलं, खुलं करून दिलेलं. त्याला पॅरलल पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटरही पुरतो. माझा तो डीटीपीचा कॉम्प्युटर माळ्यावर होता. डोंगल अजून त्याच्या पाठीला होतं. मी ते माझ्या हातानं काढलं.

त्या पंचवीस पिनांतून बारा तारा बाहेर हुकूम नेतात, पाच आत खबर आणतात, बाकीच्या जमिनीला. प्रत्येक अक्षाला दोन तारा लागतात. एकीवर ठोका, दुसरीवर दिशा. ठोका पडला की मोटार एक पाऊल सरकते. पाच आतल्या तारांवर टोकाचे स्विच आणि लाल बटण. हा ठोका वेळेवर पडला पाहिजे, लाखातला एकही चुकून चालत नाही, म्हणून आधी कॉम्प्युटरची परीक्षा घेतात. मुद्दाम त्याला कामाला लावायचं, खिडक्या हलवायच्या, फाईली कॉपी करायच्या, आणि ठोका किती मागंपुढं होतो तो आकडा बघत बसायचं. आम्ही तिघं एका रात्री शॉपमध्ये तो आकडा बघत होतो. आकडा वाढतच होता. स्क्रीनचं कार्ड बदललं, जुनं एक साधं बसवलं, आणि तो पंधरा हजार नॅनोसेकंदांच्या खाली येऊन थांबला. भाऊ उठून बाहेर गेला आणि तिघांसाठी चहा घेऊन आला.

धातू कापायच्या आधी टूलच्या जागी बॉलपेन बांधलं आणि खाली कागद चिकटवला. काय काढायचं याची चर्चाच झाली नाही. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये ‘श्री’ काढला, मुलानं त्याचा जीकोड, म्हणजे मशीनला कळणारे हुकूम, केला. पेन खाली आलं, सरकायला लागलं. पूर्ण झाल्यावर बघतो तर ‘श्री’ आरशातल्यासारखा उलटा. पोरगा हसला, सेटिंगची फाईल उघडली, एक्स अक्षाच्या स्केलच्या आकड्याआधी एक उणे चिन्ह टाकलं, फाईल सेव्ह केली. दुसरा कागद. ‘श्री’ सरळ.

ते उणे चिन्ह टाकायला कुणाला फोन करावा लागला नाही. त्या फाईलकडं बघताना मला आबांची फार आठवण आली.

शॉपमधलं मशीन चालवतात ते दुसरे मामा, आबांच्या वेळेपासूनचे ऑपरेटर. वाचतात ते मराठी. स्क्रीनवरची इंग्रजी बटणं त्यांनी जागेवरून पाठ केली होती, पण चूक आली की वर जी ओळ यायची ती त्यांना वाचता येत नसे आणि ते भावाला हाक मारत थांबायचे. लिनक्ससीएनसीचे शब्द वेगळ्या फाईलीत असतात, वेगवेगळ्या भाषांसाठी. गेल्या पावसाळ्यात मी मराठीची फाईल करायला घेतली. घरी बसून पहिले चाळीस शब्द केले, छान शुद्ध. शॉपमध्ये नेऊन मामांना वाचून दाखवले.

‘फीड’ ला मी काही तरी संस्कृत केलं होतं. मामा म्हणाले, “फीड म्हंजे फीडच की, त्याला काय झालं?” ते खोडलं. ‘होम ऑल’ ला म्हणाले, “समदं झिरोला.” लिहून घेतलं. ‘टच ऑफ’ ला बराच वेळ विचार करून, “जॉब झिरो.” मग ती चुकीची ओळ आली, अक्ष टोकाच्या स्विचला लागला की येणारी. मी केलं होतं, ‘मर्यादा स्विच कार्यान्वित झाल्यामुळे त्रुटी उद्भवली आहे’. मामांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि वही स्वतःकडं ओढून ती ओळ बोट ठेवून वाचली, दोनदा.

“अक्का,” म्हणाले, “‘टोकाला टेकलं’ लिवा.”